ढोल वाजवून कंबर धरते, पथक सोडू का?

प्रश्न: मी २३ वर्षांची, पुण्यात आयटीत जॉब. यंदा पहिल्यांदाच ढोल पथकात आलेय. रोज संध्याकाळी दोन-अडीच तास सराव असतो. घरी आल्यावर कंबर इतकी धरते की वाकून चप्पल काढता येत नाही, आणि उजव्या कोपराला बाहेरच्या बाजूने दुखतं, सकाळी चहाचा कप उचलला तरी कळ येते. पथकातले दादा म्हणतात पहिल्या वर्षी सगळ्यांचंच दुखतं, पेनकिलर घे आणि ये. सोडून देऊ का?

उत्तर: अगं सोडू नको, पण दादांचंही ऐकू नको. ढोल कंबरेला बांधला की पुढे ओढतो, मग तोल सांभाळायला आपण नकळत मागे रेलतो आणि पोट पुढे काढतो, तासभर असंच उभं राहिलं की सगळा भार कंबरेच्या मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांवर जातो, त्यात तू दिवसभर खुर्चीत बसलेली. मैत्रिणीला बाजूने व्हिडिओ काढायला सांग, लगेच दिसेल. दोरी घट्ट बांध, आत जाड कापडाची घडी घाल, ढोल अंगाला चिकटून हवा, लोंबता नको. गुडघे ताठ ठेवायचे नाहीत.

कोपराचं लक्षण टेनिस एल्बोचं वाटतंय, रॅकेट कधी हातात धरली नसली तरी होतो तो! टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, आवळून धरलं की मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंवर ताण येतो आणि ते कोपराच्या बाहेरच्या बाजूलाच जोडलेले असतात, वर ऑफिसात माऊसही त्याच हाताने. टिपरू बारीक असेल तर टेप गुंडाळून मूठ जाड कर आणि पकड सैल ठेव. ढोलाचं पान, म्हणजे ज्यावर वाजवतो तो पडदा, उतरलेलं म्हणजे सैल असेल तर आवाज काढायला हात उगाच जोरात पडतो, ते आधी ताणून घ्यायला सांग.

पंधरा दिवस ढोल निम्माच वेळ, बाकी वेळ झांज नाहीतर ध्वज घे. म्हणून झोपून मात्र राहू नकोस, चालत-फिरत राहा. वाजवायच्या आधी पेनकिलर तर नकोच, दुखणं कळत नाही आणि आपण अजून ताणतो, शिवाय रिकाम्या पोटी घेतली तर पित्त वेगळंच.

पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर फिजिओथेरपिस्टला दाखव. पण कळ पायात उतरली, पाय बधिर झाला, पायातली ताकद गेली किंवा लघवीवर कंट्रोल राहिला नाही तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठ, विसर्जन असलं तरी.