घरमालक काउंटी कमिशनरच्या निवडणुकीला उभा असेल तर

सप्रेम नमस्कार,

दीर्घ प्रतीक्षेनंतर ग्रीन कार्डासाठी तुमचा क्रमांक लागला आणि मिरजेहून अमेरिकेतील मोंटाना राज्याच्या पूर्व भागातल्या एका लहान रुग्णालयात परिचारिका म्हणून तुमचे येणे ठरले, याबद्दल प्रथम अभिनंदन. गावाबाहेरचे जे घर तुम्ही भाड्याने घेत आहात, त्याचा मालक रँचर, म्हणजे मोठ्या कुरणांवर गुरे पाळणारा, असून या वर्षी तो काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, कमिशनरच्या निवडणुकीला उभा आहे, असे तुम्ही कळवले आहे. निवडणुकीतल्या माणसाच्या घरात राहणे अडचणीचे ठरेल का, त्याला उघड पाठिंबा द्यावा लागेल का आणि या पदाचा तुमच्या नोकरीशी काही संबंध येतो का, हे तुमचे तीन प्रश्न आहेत. मी याच भागात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून आलो, कामाच्या व्हिसावरून ग्रीन कार्डावर आणि पुढे नागरिकत्वापर्यंत पोहोचलो, त्यामुळे या तिन्ही अवस्थांत इथली निवडणूक कशी दिसते, हे थोडेफार सांगू शकतो. माझ्या काउंटीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. इतक्या विरळ वस्तीत काउंटीचे नाव सांगितले की माणसेही ओळखू येतात.

कमिशनर म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे सरकारने नेमलेला आयुक्त येतो, परंतु हा तो नव्हे. इथल्या बहुतेक काउंट्यांत तीन निवडून आलेले कमिशनर असतात, प्रत्येकाची मुदत सहा वर्षांची असते आणि त्या मुदती एकाच वेळी संपत नाहीत. उमेदवार आपापल्या विभागातून उभा राहतो, मत मात्र साऱ्या काउंटीचे असते. जिल्हा परिषदेचे सभागृह आणि मुख्य कार्यकारी अधिकारी यांची कामे या तिघांच्या एका मेजावर एकत्र आली आहेत, अशी कल्पना केली तर चित्र बरेच जुळेल. जिल्हाधिकारी नावाचे पद इथे नाही. शेरीफ (काउंटीचा पोलीसप्रमुख), खजिनदार, सरकारी वकील हे स्वतंत्रपणे निवडून येतात, म्हणून कमिशनर शेरीफचा वरिष्ठ नसतो. शेरीफच्या खात्याचे अंदाजपत्रक मात्र हेच तिघे मंजूर करतात.

प्रमाणाचा अंदाज यावा म्हणून थोडे आकडे देतो. मोंटानाचे क्षेत्रफळ सुमारे ३,८०,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा मोठे आहे, आणि २०२० च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या अकरा लाखांच्या आतच होती. काउंट्या ५६ आहेत. त्यांपैकी गारफिल्ड काउंटी आकाराने आपल्या सातारा जिल्ह्याहून मोठी असून तिची लोकसंख्या १,१७३ होती, तर शेजारच्या पेट्रोलियम काउंटीत ४९६ माणसे होती. अशा ठिकाणी उमेदवाराला मतदाराचे नाव, त्याच्या वडिलांचे नाव आणि त्याच्या कुत्र्याचे नावही ठाऊक असते, हे सांगायला नकोच.

आता तुमच्या नोकरीचा संबंध. तुमचे रुग्णालय बहुधा २५ खाटांपर्यंतच्या ‘क्रिटिकल ॲक्सेस’ या वर्गातले असेल. १९९७ च्या केंद्रीय कायद्याने आलेला हा वर्ग दुर्गम भागातील रुग्णालये टिकावीत म्हणूनच आहे. अशी काही रुग्णालये काउंटीच्या मालकीची असतात, काहींना स्थानिक मालमत्ता कराचा आधार असतो, तर काही स्वतंत्र ना-नफा संस्थांची असतात. तुमचे कोणत्या प्रकारचे आहे, हे नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी विचारून घ्यावे. पहिल्या प्रकारचे असल्यास तुमचा घरमालक उद्या त्याच्या अंदाजपत्रकावर मत देणाऱ्या तिघांपैकी एक असू शकतो, परंतु परिचारिकांच्या नेमणुका आणि पाळ्या रुग्णालयाचे प्रशासनच ठरवते. २०२२ मध्ये मोंटानात ११ शुश्रूषागृहे बंद पडली, आणि तेव्हापासून म्हाताऱ्या आईवडिलांना ठेवायचे कुठे, हा प्रश्न ग्रामीण निवडणुकांतही विचारला जातो. उमेदवार गुरांविषयी छान बोलेल. या विषयावर काय बोलतो, ते तुम्ही कान देऊन ऐकावे, असे मला वाटते.

पण खरी निवडणूक रस्त्यांवर लढली जाते. इथली माती आपल्या काळ्या रानासारखीच चिकट आहे, तिला लोक ‘गंबो’ म्हणतात, आणि पाऊस पडला की खडी नसलेल्या रस्त्यावर चाक अर्ध्या तासात मातीचा गोळा होते. काउंटीचा ग्रेडर, म्हणजे रस्ता सपाट करणारे यंत्र, कोणत्या रस्त्यावर आधी फिरतो, बर्फ पडल्यावर शाळेच्या बसचा मार्ग किती वाजता मोकळा होतो, जुन्या पुलावरून गुरांचा ट्रक जाऊ शकतो की नाही, यावर लोक सहा वर्षे हिशेब ठेवतात. रँचर कमिशनर झाला की पहिली कुजबुज अर्थातच अशी असते की आता त्याच्या घरचा रस्ता आरशासारखा होणार. तुमचे घर त्याच रस्त्यावर असल्यामुळे या कुजबुजीचा थोडा लाभ तुम्हालाही होईल, हे मी गमतीने लिहीत आहे, तरी पूर्ण गंमतही नाही.

रँचर या पदाकडे का वळतो, हे समजले तर तुम्हाला घरमालकही समजेल. त्याच्या करपत्रावरचा आकडा काउंटीच्या अंदाजपत्रकातून येतो. मोंटानातील सुमारे तीन-दशांश जमीन केंद्र सरकारची असून तिच्यावर काउंटीला कर लावता येत नाही. त्याऐवजी १९७६ च्या कायद्याप्रमाणे केंद्राकडून भरपाई येते आणि ती किती येईल हे वॉशिंग्टनमध्ये ठरते. हाच माणूस त्याच सरकारी जमिनीवर परवान्याने गुरे चारतो आणि एका गायीच्या व तिच्या वासराच्या महिन्याच्या चाऱ्याला २०२५ पर्यंत अनेक वर्षे १.३५ डॉलर इतका अल्प आकार देत होता. केंद्र सरकारवर सर्वाधिक चिडणारा आणि त्याच्याच कुरणावर अवलंबून असणारा माणूस एकच असतो. ही विसंगती त्याला तोंडावर दाखवण्याची घाई मात्र नव्या भाडेकरूने करू नये.

त्याचे वेळापत्रक पाहिले की त्याच्या जिद्दीचे कौतुक वाटते. उमेदवारी अर्जाची मुदत मार्चपर्यंत असते आणि नेमक्या त्याच दिवसांत गाई वितात; रात्री दोन वाजता गोठ्यात अडलेली गाय सोडवून सकाळी हा माणूस अर्ज भरायला काउंटीच्या मुख्य गावी जातो. जूनच्या आरंभीची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, वासरांना डाग देण्याच्या हंगामात येते, आणि या भागातील बहुतेक काउंट्यांत रिपब्लिकन पक्षाची प्रायमरी हीच खरी निवडणूक असते. नोव्हेंबरचे मतदान येते तेव्हा वासरे विकून ट्रकमध्ये चढवण्याची लगबग चालू असते. प्रचार म्हणजे कुंपणाला लावलेले फलक, स्थानिक साप्ताहिकातील छोटी जाहिरात, मेळ्याच्या मिरवणुकीत मुलांकडे फेकलेल्या गोड गोळ्या आणि गुरांच्या लिलावाच्या बाजारातील उपाहारगृहात घेतलेली कॉफी. डाग देण्याच्या दिवशी शेजारीपाजारी मजुरी न घेता मदतीला येतात आणि दुपारी सगळ्यांना जेवण असते. आपल्याकडच्या इर्जिकीची आठवण यावी असाच तो दिवस असतो, आणि कोण कोणाच्या इर्जिकीला गेला यावरून मतांचा अंदाज फलकांपेक्षा बरा लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची सूचना. ग्रीन कार्ड असले तरी तुम्हाला मतदान करता येणार नाही. साधारणपणे पाच वर्षांनी नागरिकत्व मिळेपर्यंत तो हक्क नाही. १९९३ च्या कायद्यामुळे वाहन परवान्याच्या कार्यालयातच मतदार नोंदणी करता येते, आणि तिथला कारकून सवयीने तो कागद पुढे सरकवतो. माझ्यापुढेही तो आला होता आणि परवान्याचाच भाग समजून मी पेन उचलले होते. नागरिक असल्याच्या चौकटीत चुकून खूण केली, तरी पुढे नागरिकत्वाच्या अर्जात त्याचा जाब द्यावा लागतो आणि देशाबाहेर काढले जाण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकते. तो कागद नाकारावा, आणि तुमच्या पतीलाही हे आधीच सांगून ठेवावे. देणगीचा नियम वेगळा आहे: ग्रीन कार्डधारकाला ती देता येते, परंतु कामाच्या किंवा विद्यार्थी व्हिसावरील व्यक्तीला काउंटीच्या निवडणुकीतसुद्धा एक डॉलरही देता येत नाही. म्हणून तिथे भेटणाऱ्या व्हिसावरच्या सहकाऱ्याच्या वतीने कधीही पैसे भरू नयेत.

पाठिंब्याचे विचाराल तर भाडेकरूने प्रचार करावा अशी अपेक्षा इथे सहसा नसते. घराच्या फाटकावर मालकाने स्वतःचा फलक लावला, तर तो त्याच्या जमिनीवर आहे असे समजून राहावे. तुम्ही स्वतः मात्र पहिले वर्षभर कोणाचाच फलक मागू नये, कारण पराभूत उमेदवाराची आईही तुमच्याच वॉर्डात दाखल होणार आहे. भाडेकरार मात्र लेखी करावा, त्यात मुदत, बर्फ काढण्याची जबाबदारी आणि विहिरीचा पंप बिघडल्यास खर्च कोणाचा, हे स्पष्ट असावे. निवडणुकीपेक्षा पंपावरून संबंध बिघडण्याचा संभव अधिक आहे.

बोलण्यातली दोन पथ्ये सांगतो. गुरे किती आणि जमीन किती, हे रँचरला कधीही विचारू नये. ते बँकेतील शिल्लक विचारण्यासारखे आहे. मी पहिल्याच भेटीत कोल्हापुरी मोकळेपणाने ते विचारले होते आणि समोरच्याने बराच वेळ आकाशाकडे पाहून पावसाचा विषय काढला होता. दुसरे पथ्य बायसनचे, म्हणजे इथल्या रानगव्यासारख्या जनावराचे. २००१ मध्ये स्थापन झालेली अमेरिकन प्रेअरी नावाची संस्था मिसूरी नदीच्या परिसरात रँच विकत घेऊन तिथे बायसन सोडते, आणि २०२२ मध्ये केंद्राच्या खात्याने फिलिप्स काउंटीत सरकारी कुरणांवर ते चारण्यास परवानगी दिल्यावर विरोध अधिक पेटला. ‘काउबॉयला वाचवा’ असे फलक रस्त्याकडेला दिसतील. तुम्हाला बायसन आवडत असले, तरी उमेदवार घरमालकाच्या स्वयंपाकघरात ते सांगण्याची निकड नाही. गोमांसाची भेट आली तर आम्ही खात नाही असे शांतपणे सांगावे; लोक मनाला लावून घेत नाहीत, पुढच्या वेळी अंडी आणतात.

शेवटी, मत नसले तरी कमिशनरांच्या बैठकीला बसण्यास तुम्हाला कोणी अडवणार नाही. लोकांना सरकारी कामकाज पाहण्याचा हक्क मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेतच दिलेला आहे, आणि तिघांपैकी दोघे जमले की गणपूर्ती होऊन ती बैठकच ठरत असल्यामुळे दोन कमिशनर उपाहारगृहात एका मेजावर बसले, तरी काउंटीच्या कामाविषयी बोलण्याचे टाळतात. रात्रपाळी संपल्यावर एखाद्या सकाळी, या बैठका जिथे भरतात त्या न्यायालयाच्या इमारतीत जाऊन पाहावे. संकोचाने मागच्या रांगेत बसण्याचा विचार असेल, तर तो सोडून द्यावा. मागची रांग बहुधा नसतेच, भिंतीलगत चार खुर्च्या असतात आणि तुम्ही बसलात की कोणीतरी तुमच्यासाठी कॉफी ओतायला उठतो.