कोलंबसला येण्यापूर्वी : कॉलेज फुटबॉल, पैसा आणि इथल्या लोकांचा संताप

नमस्कार. ऑगस्टमध्ये तुम्ही इथे कोलंबस शहरातल्या ओहायो स्टेट विद्यापीठात एमएससाठी येत आहात. घर, बँक आणि हिवाळ्याचे कपडे यांची चौकशी करता करता इथल्या फुटबॉलविषयी (म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलविषयी) इतका कडवट मजकूर तुमच्या वाचनात आला, की विद्यार्थ्यांसाठी असलेले हंगामाचे तिकीट घ्यावे की नाही, अशी शंका तुम्हाला आली. तुम्ही असेही विचारले आहे, की खेळाडू पैशासाठी संघ बदलतात हे आयपीएलमध्ये दरवर्षीच घडते, मग इथल्या लोकांना ते एवढे का लागावे. आणि टेनिस खेळणाऱ्या तुमच्या धाकट्या बहिणीने खेळाच्या शिष्यवृत्तीची आशा धरावी का. मी बरीच वर्षे कोलंबसमध्ये राहते आणि हा खेळ मला मनापासून प्रिय आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबणार आहे.

आयपीएलची तुलना सहज सुचते, पण ती इथे लागू पडत नाही. आयपीएलचा संघ ही पहिल्या दिवसापासून उघड व्यावसायिक गोष्ट आहे : लिलाव होतो, करार होतो, प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते आणि ती पाळून घ्यायला बोर्ड बसलेले असते. कॉलेज फुटबॉलचे सारे वैभव याच्या नेमक्या उलट समजुतीवर उभे राहिले. मैदानातला मुलगा याच विद्यापीठाचा विद्यार्थी आहे, तीन-चार वर्षे तो इथेच वाढणार आहे, आणि आपण त्याला पहिल्या वर्षाचा बुजरा पोरगा ते संघनायक असा घडताना पाहणार आहोत, या भरवशावर लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिकिटे काढली. आपल्याकडचा जवळचा दाखला हवा असेल तर रणजीचा घ्या. यशस्वी जैस्वालने एप्रिल २०२५ मध्ये गोव्याकडून खेळण्यासाठी मुंबई क्रिकेट असोसिएशनकडे ना हरकत प्रमाणपत्र मागितले आणि पुढच्याच महिन्यात ती मागणी मागेही घेतली, तरी तेवढ्यात केवढी चर्चा झाली ते तुम्हाला आठवत असेल. इथे आता तसले कोणतेही प्रमाणपत्र लागत नाही, आणि एकाच हिवाळ्यात एकेका संघातून वीस-पंचवीस मुले बाहेर पडणे ही नित्याची बाब झाली आहे.

हे एका रात्रीत झाले नाही. एनसीएए ही १९०६ पासूनची संस्था महाविद्यालयीन खेळांचे नियमन करते, आणि खेळाडूला फार तर शिक्षण, निवास व जेवण मिळावे, पण पगार मिळू नये, हे तिचे शतकभराचे धोरण होते. त्याच काळात खेळाभोवतीचा पैसा मात्र वाढतच गेला. विद्यापीठांच्या ज्या बिग टेन नावाच्या स्पर्धागटात आपले विद्यापीठ आहे, त्याने २०२२ मध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी केलेला सात वर्षांचा प्रक्षेपण करार ७ अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिम्बो फिशर यांना मुदतीआधी दूर केले, तेव्हा उरलेल्या कराराची भरपाई म्हणून साडेसात कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्यांना देणे आले. काम न करण्यासाठी प्रशिक्षकाला एवढे मिळत असताना मैदानात हाडे मोडून घेणाऱ्या मुलाने स्वतःच्या सहीचा टी-शर्ट विकला तर तो अपात्र ठरत असे. जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंनी लढवलेल्या ऑल्स्टन खटल्यात ९ विरुद्ध ० अशा एकमताने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती कॅव्हानॉ यांनी वेगळ्या मतपत्रात लिहिले, की असा व्यवहार इतर जवळपास कोणत्याही उद्योगात सरळ बेकायदा ठरला असता. मला ते तेव्हाही पटले होते आणि आजही पटते.

त्यानंतर बांध फुटला. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपले नाव, चेहरा आणि प्रसिद्धी यांच्या वापराबद्दल पैसे घेण्याची मुभा मिळाली. यालाच इथे एनआयएल म्हणतात. संघ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची नावे नोंदवणारे ट्रान्सफर पोर्टल २०१८ मध्येच सुरू झाले होते, पण फुटबॉलमध्ये विद्यापीठ बदलले की एक हंगाम बाहेर बसावे लागे. २०२१ मध्ये पहिल्या बदलापुरती ती अट गेली आणि २०२४ मध्ये, न्यायालयीन आदेशांच्या रेट्यामुळे, अभ्यासात पात्र असलेल्या खेळाडूला कितीही वेळा बदल करण्याची मोकळीक मिळाली. शेवटी ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढवलेल्या हाऊस खटल्यातील तडजोड मंजूर केली. तिच्यानुसार जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २.८ अब्ज डॉलर द्यायचे आहेत, आणि विद्यापीठे आपल्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी ही मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. पैसे मिळणे आणि संघ बदलणे, यांतली कोणतीही एक मोकळीक एकटी आली असती तर लोकांनी ती पचवली असती असे मला वाटते. दोन्ही एकाच वेळी आल्या आणि दोन्हींना एकत्र बांधणारा करार मात्र कुणी केला नाही.

आता रागाविषयी. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षक राहतात. दर ऑगस्टमध्ये ते संघाची यादी कागदावर छापून घेतात आणि पेन्सिलीने ओहायोतल्या मुलांच्या गावांखाली रेघ मारतात : मॅसिलन, कँटन, लिमा. पूर्वी ही यादी त्यांना जवळजवळ पाठ असे आणि नव्या हंगामात फक्त पहिल्या वर्षाच्या मुलांची भर पडे. अलीकडे त्यांना गावाशेजारी आधीच्या विद्यापीठाचे नावही लिहावे लागते, आणि क्वचित दोन विद्यापीठांची. ते कुणाला शिव्या देत नाहीत, पण एखाद्या मुलावर जीव लावावा की नाही हे आता संघबदलाचा जानेवारी उलटल्यावर ठरवावे लागते, असे ते म्हणतात. इथल्या बहुतेक लोकांच्या रागाच्या तळाशी हेच आहे. त्यांची तक्रार पैशाबद्दल कमी आणि ओळख तुटण्याबद्दल जास्त आहे.

दुसरी तक्रार खिशाची आहे आणि तीही खोटी नाही. डिसेंबर २०२४ मध्ये कोलंबसला टेनेसी विद्यापीठाविरुद्ध प्लेऑफचा, म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीचा, सामना झाला. त्या गोठवणाऱ्या रात्री मी वरच्या मजल्यावर बसले होते, आणि एवढ्या लांबून आलेल्या टेनेसीच्या लोकांनी आमच्या स्टेडियमचे मोठमोठे भाग नारिंगी करून टाकले होते. ओहायो स्टेटने ४२-१७ असा विजय मिळवला, तरी ती माणसे शेवटपर्यंत जागेवर होती. टेनेसी विद्यापीठाने त्याच्या तीन महिने आधी जाहीर केले होते, की २०२५ च्या हंगामी तिकिटांवर खेळाडूंच्या मोबदल्यासाठी १० टक्के जादा आकार लागेल. आणि एप्रिल २०२५ मध्ये, वसंतातल्या प्रदर्शनीय सामन्याच्या तोंडावर, त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाचे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू, निको इयामालेआवा मोबदल्याच्या वाटाघाटी फिसकटल्यावर संघाबाहेर पडला आणि कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए विद्यापीठात गेला. यूसीएलएचा क्वार्टरबॅक जोई अगुइलार मग टेनेसीत आला, म्हणजे दोन विद्यापीठांनी जणू क्वार्टरबॅकची अदलाबदल केली. थंडीत कुडकुडत बसलेल्या त्या माणसाने खेळाडूसाठी म्हणून जादा पैसे मोजावेत आणि खेळाडूने हंगामाआधीच निघून जावे, तर त्याला राग येणारच.

इथे येऊन तुम्ही ओहायो स्टेटची बाजू घेणार, म्हणून आमच्याही दोन्ही बाजू सांगते. क्विन यूअर्स हा टेक्ससचा मुलगा २०२१ मध्ये शाळेचे शेवटचे वर्ष सोडून इथे आला. त्याचा एनआयएल करार १४ लाख डॉलरचा असल्याच्या बातम्या होत्या. संपूर्ण हंगामात तो मिशिगन स्टेटविरुद्ध दोन चालींपुरता मैदानात उतरला, दोन्ही वेळा चेंडू सहकाऱ्याच्या हातात दिला आणि हंगाम संपताच टेक्सस विद्यापीठात गेला. त्या वेळी इथे फार कडवटपणा होता. पण जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेटने नोत्र दामला ३४-२३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तेव्हा आमचा क्वार्टरबॅक विल हॉवर्ड कॅन्सस स्टेटहून, चेंडू घेऊन धावणारा क्विनशॉन जडकिन्स मिसिसिपीहून आणि बचावफळीतला केलेब डाउन्स अलाबामाहून आलेला होता. हॉवर्डने २०२२ मध्ये कॅन्सस स्टेटला त्यांच्या गटाचे विजेतेपद मिळवून दिले होते, तिथेही कुणीतरी पेन्सिलीने त्याच्या नावाखाली रेघ मारली असेल. यूअर्सला लोभी म्हणणाऱ्यांनी हॉवर्डच्या मिरवणुकीत नाचावे, हे मला न्याय्य वाटत नाही, आणि मी हे इथल्या मित्रांना तोंडावर सांगते.

माझे ठाम मत असे आहे, की हा राग योग्य आहे, पण तो चुकीच्या दारात नेऊन टाकला जातो. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाला कोणी चौपट रक्कम देऊ केली तर त्याने ती का नाकारावी? त्याची कारकीर्द एका गुडघ्यावर अवलंबून आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस प्रशिक्षक लेन किफिन यांनी प्लेऑफ तोंडावर असताना मिसिसिपीचा संघ सोडून लुइझियाना स्टेट विद्यापीठाचे (एलएसयू) प्रशिक्षकपद स्वीकारले, आणि प्रौढ माणसे असे वागत असताना निष्ठेची अपेक्षा फक्त मुलांकडून करणे बरोबर नाही. खुद्द विद्यापीठांनीही टीव्हीच्या पैशासाठी शंभर वर्षांचे शेजार मोडले. यूएससी, यूसीएलए, ओरेगन आणि वॉशिंग्टन ही विद्यापीठे २०२४ पासून बिग टेनमध्ये आली, आणि पॅक-१२ हा पश्चिम किनाऱ्याचा जुना गट दोनच विद्यापीठांवर येऊन ठेपला. ओक्लाहोमा आणि ओक्लाहोमा स्टेट यांची शतकाहून जुनी वार्षिक लढत २०२३ नंतर थांबली. खेळाडूंना कर्मचारी मानून, त्यांच्या संघटनेशी बसून, व्यावसायिक फुटबॉलप्रमाणे मुदतीचे करार आणि वेतनमर्यादा ठरवता आली असती. पगार न देण्याचे जुने सुख सुटू नये म्हणून विद्यापीठांनी ते वर्षानुवर्षे टाळले, आणि आता कोणताही निर्बंध घातला की तो मक्तेदारीविरोधी कायद्याखाली न्यायालयात अडकतो. एक सुधारणा मात्र झाली आहे : फुटबॉलमध्ये वर्षाला दोनदा उघडणारी बदलाची मुदत २०२६ पासून जानेवारीतल्या एकाच पंधरवड्यावर आली. एप्रिलमध्ये संघ फुटण्याचे दुःख तरी त्यामुळे कमी होईल.

इतके असूनही हंगामाचे तिकीट घ्या. ओहायो स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक माणसे बसतात, ते १९२२ पासून उभे आहे, आणि विद्यार्थ्यांचा दर बाहेरच्या बाजारभावाच्या मानाने पुष्कळ कमी असतो. पदवी घेतल्यावर तो पुन्हा मिळत नाही. मिशिगनविरुद्धचा सामना सम वर्षी कोलंबसला आणि विषम वर्षी मिशिगनच्या गावी, ॲन आर्बरला होतो, त्यामुळे कोणते वर्ष तुमच्या वाट्याला येते ते पाहून ठेवा. सामन्याआधी सेंट जॉन अरीनात बँडचा सराव ऐकायला जा. मैदानावर दोनशेच्या आसपास वादक चालत चालत ‘ओहायो’ ही अक्षरे इंग्रजी वळणदार लिपीत रेखतात आणि शेवटी सूझाफोन हे मोठे पितळी वाद्य वाजवणारा एक विद्यार्थी उंच पावले टाकत पुढे येऊन ‘आय’ या अक्षराचा टिंब होतो, टोपी काढतो आणि दोन्ही बाजूंना कमरेत वाकून नमस्कार करतो. ही प्रथा १९३६ पासूनची आहे, आणि तो मान बँडमध्ये काही वर्षे काढल्यावरच मिळतो. स्टेडियमभर उठणारा तो आवाज कोणत्याही खेळाडूच्या कराराशी बांधलेला नाही, म्हणून तो मला अजून तितकाच खरा वाटतो.

दोन गोष्टी टाळा. खेळाडूंना पैसे देण्यासाठी देणगीदारांनी काढलेल्या मंडळांना, म्हणजे कलेक्टिव्हना, शिष्यवृत्तीवर किंवा कर्जावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याने एक डॉलरही देण्याचे कारण नाही. आणि हरल्यानंतर समाजमाध्यमांवरच्या खेळाडूंच्या खात्यांवर जाऊन त्यांना लिहू नका. तुमच्याच वर्गात, तुमच्याच वयाचा तो मुलगा असू शकतो. स्टेडियमजवळच्या लेन अव्हेन्यूच्या आसपास घर शोधत असाल, तर शनिवारी, सामन्याच्या दिवशी, गाडी लावण्याबद्दल घरमालकाकडून लेखी विचारून घ्या.

तुमच्या बहिणीविषयी. टेनिसला टीव्हीचा पैसा नाही, त्यामुळे या कोट्यवधींपैकी फारसे तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि फुटबॉलला द्यायचे म्हणून काही विद्यापीठे लहान खेळ बंदही करत आहेत. तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांत शिष्यवृत्त्यांची जुनी मर्यादा जाऊन संघातल्या जागांची मर्यादा आली आहे. जागा मोजक्याच, आणि पोर्टलमुळे प्रशिक्षकाला अठरा वर्षांच्या नवख्या मुलीऐवजी दुसऱ्या विद्यापीठात दोन वर्षे खेळलेली मुलगी घेता येते. शिवाय विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करता येत नाही, त्यामुळे जाहिरातीचे पैसे परदेशी खेळाडूंसाठी अवघड ठरतात. पर्ड्यू विद्यापीठाचा झॅक एडी हा कॅनडाचा बास्केटबॉलपटू २०२३ आणि २०२४ अशी दोन्ही वर्षे देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला, तरी अमेरिकन सहकाऱ्यांसारखी कमाई त्याला व्हिसामुळे करता आली नाही. तुमच्या बहिणीने एनआयएलचा विचार सोडून केवळ शिक्षणाचा खर्च भागतो का, एवढेच पाहावे. शिष्यवृत्ती एका वर्षाची आहे की पदवीपर्यंतची, दुखापत झाली तर ती चालू राहते का, आणि प्रशिक्षक बदलला किंवा संघ बंद झाला तर काय, या तीन प्रश्नांची उत्तरे विद्यापीठाकडून लेखी आल्याशिवाय तिने सही करू नये, आणि कोणताही पैशाचा प्रस्ताव आला तर तो स्वीकारण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला दाखवावा.