अनुभव हवालदाराकडे, योजना वरून. मग मधल्या अधिकाऱ्याचं काम काय?

तुम्ही विचारलंय की योजना वरिष्ठ आखतात, अनुभव हवालदाराकडे असतो, लढतात जवान. मग नवख्या लेफ्टनंटची किंवा फौजदाराची गरजच काय? पोलीस खात्यात उमर गेली, म्हणून सांगतो.

वायरलेस बंद पडला किंवा समोरचं चित्र पालटलं की वरून आलेली योजना बाजूला राहते. मग निर्णय कुणीतरी एकानेच घ्यायचा असतो, आणि चौकशीत "हुकूम मी दिला" हेही त्यानेच सांगायचं असतं. हवालदाराचा सल्ला जरूर घ्यावा, मी कायम घेतला. पण सल्ला घेतला म्हणून जबाबदारी त्याच्या गळ्यात घालता येत नाही.

सैन्यात हे जास्त ठळक दिसतं. कारगिलच्या 4 परमवीर चक्रांपैकी 2 अधिकाऱ्यांची होती, मनोज पांडे आणि विक्रम बत्रा. दोघेही 24 वर्षांचे, दोघेही चढाईत सर्वांत पुढे असताना धारातीर्थी पडले. उरलेली 2 जवानांची. अधिकारी पुढे चालतो तेव्हा मागचे असे लढतात, असं मला वाटतं.

पोलिसांत मात्र खरी कसोटी हात आवरण्याची असते. बेकायदा जमावाला पांगण्याचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी देतो. प्रभारी नसेल तर निदान उपनिरीक्षक दर्जाचा अधिकारी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्ये हे स्पष्ट आहे. आता प्रत्यक्ष बघा. पहिला दगड येतो, शेजारच्याच्या हेल्मेटवर आपटतो. मागच्या रांगेतला नवा शिपाई हुकमाआधीच लाठी उगारतो. त्या क्षणी त्याचा दंड धरून "थांब, रांग मोडू नको" म्हणणारा माणूस तिथेच, हाताच्या अंतरावर उभा असावा लागतो. नियंत्रण कक्षातून ते होत नाही. जमावाला निघून जायला एक गल्ली मोकळी आहे का, हेही त्यानेच आधी बघून ठेवायचं. कोंडलेला जमाव पांगत नाही, अंगावर येतो. आणि लाठीमार सुरू करण्यापेक्षा वेळेवर थांबवणं फार अवघड. पळणाऱ्याच्या मागे धावत सुटलेल्या शिपायाला परत बोलवायला त्याने ऐकावं असा अधिकारी लागतो, आणि ते ऐकणं रोजच्या हजेरीत, रात्रपाळीत, रजेच्या अर्जांवर कमवावं लागतं.

हे सगळं निवळलं की स्टेशन डायरी. इशारा किती वाजता दिला, हुकूम कुणाचा, जखमी कोण. ही नोंद त्याच रात्री, आपल्या नावाने करायची.