जॅनेट राउली यांनी ब्लड कॅन्सरवर नेमकं काय संशोधन केलं? नोबेल नाही, औषधही शोधलं नाही, मग एवढं नाव का?

मी सायटोजेनेटिक्स लॅबमध्ये काम करते, दिवसभर क्रोमोसोमच, म्हणजे पेशीतले जीन वाहणारे धागे, बघत असते, त्यामुळे हा प्रश्न दिसल्यावर राहवलं नाही.

आधी थोडं मागचं. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड या दोघांना सीएमएल, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या ब्लड कॅन्सरच्या पेशंटच्या पेशींत एक अगदी बुटका क्रोमोसोम दिसला. तोच फिलाडेल्फिया क्रोमोसोम. तेव्हा सगळे धरून चालले की त्याचा तुकडा तुटून नाहीसा झालाय, आणि त्यात त्यांची चूक नव्हती, कारण तेव्हाच्या स्टेनिंगमध्ये क्रोमोसोम सपाट एकसारखे रंगायचे, जवळपास सारख्या आकाराचे दोन असले की कुठला कोणता हे सांगता यायचं नाही.

राउली शिकागो युनिव्हर्सिटीच्या. १९४८ ला डॉक्टर झाल्या, पुढे चार मुलगे, कित्येक वर्षं पार्टटाइम काम. १९७०-७१ मध्ये ऑक्सफर्डला जाऊन त्या बँडिंग शिकून आल्या. क्विनाक्रीन नावाचा रंग लावून फ्लुरोसंट मायक्रोस्कोपखाली धरलं की प्रत्येक क्रोमोसोमवर उजळ आणि मंद पट्टे दिसतात, ज्याचे त्याचे ठरलेले. मग फोटो घरी आणून डायनिंग टेबलवर कात्रीने एकेक क्रोमोसोम कापायचा आणि जोड्या लावत बसायचं. मुलं चिडवायची की आईला कागदाच्या बाहुल्या खेळायचा पगार मिळतो! मला हे वाचलं की भरून येतं, कारण आम्ही आता हेच काम कॉम्प्युटरवर करतो, पण नजर तीच लागते.

१९७२ मध्ये एएमएल, म्हणजे अक्यूट मायलॉइड ल्युकेमिया या दुसऱ्या ब्लड कॅन्सरच्या पेशंटमध्ये त्यांना दिसलं की ८ आणि २१ या क्रोमोसोमनी तुकड्यांची अदलाबदल केलीय. एका मोठ्या मेडिकल जर्नलने तो पेपर परत पाठवला, शेवटी एका फ्रेंच जर्नलमध्ये आला. मग त्यांनी सीएमएलचे फोटो काढून बघितले, तर ९ नंबरच्या लाँग आर्मच्या, म्हणजे लांब बाजूच्या, टोकाला एक मंद चकाकणारा जास्तीचा तुकडा, आणि २२ मधून गेलेला तुकडाही साधारण तेवढाच. म्हणजे तुकडा हरवला नव्हताच, जागा बदलून बसला होता. जून १९७३ मध्ये हे नेचरमध्ये छापून आलं, लेखिका त्या एकट्याच.

आता याचं महत्त्व काय. त्या काळी बहुतेकांचं मत असं की क्रोमोसोमची मोडतोड हा कॅन्सरचा परिणाम आहे, कारण नाही. पण तीच दोन टोकं पेशंटमागून पेशंट सापडायला लागली तर त्याला योगायोग कसं म्हणणार? १९७७ मध्ये त्यांच्याच टीमने एपीएलमध्ये, म्हणजे एएमएलच्याच एका प्रकारात, १५ आणि १७ ची अदलाबदल दाखवली. आजार वेगळा तर जोडी वेगळी, हे इतकं नेमकं होतं की मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्यांना जीन कुठे शोधायचा याचा पत्ताच मिळाला. १९८० च्या दशकात ९ वरचा एबीएल जीन २२ वरच्या बीसीआरला जाऊन चिकटतो हे कळलं, त्यातून जे प्रोटीन बनतं ते एक कायनेझ, म्हणजे पेशीतले सिग्नल चालू करणारं एन्झाइम, कायम चालूच राहणारं, पेशीला वाढ वाढ सांगत राहणारं. ते बंद करणारं इमॅटिनिब मे २००१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं आणि सीएमएलचे असंख्य पेशंट रोज गोळी घेऊन वर्षानुवर्षं जगायला लागले. औषध दुसऱ्यांनी बनवलं हे खरंच, पण कुठल्या प्रोटीनवर मारायचं ते या फोटोंच्या वाटेनेच सापडलं. पुढे ११ नंबरवरच्या एमएलएल जीनवरही त्यांच्या लॅबने काम केलं, लहान बाळांच्या ल्युकेमियात तो फार सापडतो.

बक्षिसांचं म्हणाल तर १९९८ ला लास्कर हा अमेरिकेतला मोठा वैद्यकीय पुरस्कार, २००९ ला ओबामांच्या हातून प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम. नोबेल नाही मिळालं, मिळायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. २०१३ मध्ये त्या गेल्या, ८८ वर्षांच्या होत्या.

आजही सीएमएलचा संशय असलेलं सॅम्पल आलं की मी आधी २२ ची जोडी बघते, एक बुटका दिसला की नजर आपोआप ९ कडे जाते, आणि तिथे एक किंचित लांब असतोच. रिपोर्टमध्ये लिहिते, टी(९;२२), म्हणजे ९ आणि २२ ची अदलाबदल. ही जोडी पहिल्यांदा त्यांनी लावली.