आइसलँड: माणसं किती, आणि नोंदवहीतला धर्म कोणता

तुमचे प्रश्न दोन: आइसलँडची वस्ती इतकी विरळ का, आणि ‘९० टक्के लुथरन’ (लुथरन म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ) हा आकडा अजून धरावा का? दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. धरू नका, तो १९९०च्या दशकातला आहे.

देशाचं क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, लोक चार लाखांच्या आत. म्हणजे चौरस किलोमीटरमागे चार माणसंही नाहीत. मधला सगळा प्रदेश हिमनद्या आणि लाव्हाचे ओसाड माळ, वस्ती किनाऱ्यालगत. त्यातही दर तिघांपैकी जवळजवळ दोघं राजधानी रेक्याविक आणि लगतच्या गावांत राहतात. १७०३ साली देशात नावनिशीवार शिरगणती झाली, तेव्हा ५०,३५८ माणसं भरली. पुढे १७८३ मध्ये लाकी या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. विषारी वायूंनी कुरणं नासली, मेंढ्या-गुरं मेली आणि दुष्काळात सुमारे पाचवा हिस्सा लोक गेले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हजारो जण कॅनडा-अमेरिकेला निघून गेले. अलीकडची वाढ मोठ्या प्रमाणात बाहेरून आलेल्यांमुळे आहे, आणि त्यांत पोलिश सर्वाधिक.

आता धर्म. आइसलँडचे धर्माचे आकडे श्रद्धा विचारून काढलेले नसतात, ते सरकारी नोंदवहीतले असतात. पूर्वी जन्मलेलं मूल आपोआप आईच्या पंथात नोंदलं जाई. २०१३ पासून दोन्ही पालक एकाच पंथाचे असतील तरच तसं होतं. सरकार प्रत्येक नोंदणीकृत संस्थेला सदस्यामागे ठरावीक रक्कम देतं. २०१५ मध्ये प्राचीन सुमेरी देवांना मानणाऱ्या ‘झुइझम’ नावाच्या संस्थेने ती रक्कम सदस्यांना परत देऊ म्हटलं आणि बघता बघता तीन हजारांहून जास्त लोकांनी नाव नोंदवलं. त्या देवांवर इतक्या जणांची एकाएकी भक्ती जडली, असं मी तरी मानणार नाही.

लुथरन राष्ट्रीय चर्चचं प्रमाण आता ६० टक्क्यांच्या खाली आहे. दुसरा क्रमांक कॅथलिकांचा, तोही मुख्यतः पोलिश, लिथुआनियन आणि फिलिपिनो कुटुंबांमुळे. जुन्या नॉर्स देवांना मानणारी आसात्रू संघटना १९७२ मध्ये स्थापन झाली, आज तिचे पाच हजारांवर सदस्य आहेत.

या संघटनेबद्दल वाचताना मला नेहमी इ.स. १०००च्या सुमाराची थिंगवेलिर इथे भरलेली आइसलँडच्या लोकांची सभा आठवते. ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक हातघाईवर आले होते. निवाडा सोपवला थोरगेइर या कायदा सांगणाऱ्या प्रमुखाकडे, आणि तो स्वतः जुन्या धर्माचा! एक दिवस-रात्र तो पांघरूण घेऊन पडून राहिला आणि उठून म्हणाला, सगळ्यांनी बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा पाण्याने केलेला संस्कार) घ्यावा. मात्र घोड्याचं मांस खाणं, नको असलेलं मूल उघड्यावर टाकणं आणि गुपचूप बळी देणं या सवलती त्याने राहू दिल्या. त्या काही वर्षांनी रद्द झाल्या. थंड पाणी नको म्हणून कित्येकांनी परतीच्या वाटेवर गरम झऱ्यात बाप्तिस्मा घेतला, असं जुन्या कथा सांगतात.

तेव्हा धर्माची टक्केवारी कुठेही देताना ‘नोंदणीकृत सदस्य’ असं लिहा आणि शेजारी वर्ष टाका.