पूर तर पूर्वीही यायचे, मग आता प्रत्येक पुराचं खापर हवामान बदलावर का फोडतात?

प्रत्येक पुराचं खापर तसं फोडू नयेच. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबियातल्या डेर्ना शहरात हजारो माणसं गेली. वादळी पाऊस प्रचंड होता, पण एवढा संहार झाला तो वरच्या अंगाची १९७० च्या दशकातली दोन धरणं फुटल्यामुळे. पात्रातली बांधकामं, बुजवलेले ओढे, निकामी गटारं ही सगळी माणसाचीच करणी, आणि पुढारी ती झाकायला ‘हवामान बदल’ म्हणून मोकळे होतात, ही तुमची शंका रास्त आहे.

तरीही धोका वाढलाय. जलविज्ञान हे माझं काम असल्याने जरा आकडेमोड करतो.

हवा १ अंश सेल्सिअसने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान बदलविषयक समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, औद्योगिकीकरणापूर्वी सरासरी १० वर्षांतून एकदा एका दिवसात पडणारा अतिमुसळधार पाऊस आता १.३ पट वारंवार पडतो. तापमानवाढ २ अंशांवर गेली तर हे प्रमाण १.७ पट होईल.

‘७ टक्के म्हणजे किती ते!’ असं लोक म्हणतात. पण पुराचा हिशेब एकूण पाण्यावर होत नाही, काठाबाहेर आलेल्या पाण्यावर होतो. समजा, पात्राची वहनक्षमता १०० आहे आणि पाणी आलं १०५. बाहेर पडलं ५. आता त्या १०५ मध्ये ७ टक्के भर घाला: ११२ झाले, म्हणजे बाहेर १२. पाऊस जेमतेम वाढला आणि वस्तीत शिरणारं पाणी दुपटीच्या वर गेलं. प्रत्यक्षात याहूनही वाईट होऊ शकतं, कारण जमीन आधीच तुडुंब भिजलेली असेल तर वाढीव पाऊस मुरतच नाही, सगळा वाहून येतो.

मात्र जास्त पाऊस म्हणजे सगळीकडे जास्त पूर, असंही नाही, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. युरोपातल्या नद्यांच्या १९६० ते २०१० या काळातल्या नोंदींचा मोठा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वायव्य युरोपात पूर वाढलेले दिसले, दक्षिणेत आणि पूर्वेत कमी झालेले. तापमानाबरोबर बाष्पीभवन वाढतं, जमीन कोरडी राहते आणि पहिलं पाणी पिऊन टाकते. पूर्वेकडे बर्फही कमी साचतं, त्यामुळे वसंतातले वितळपाण्याचे पूर ओसरले. मोठ्या नदीला पूर यायला विस्तीर्ण पाणलोटावर कित्येक दिवस पाऊस लागतो. लहान ओढ्यांना आणि सिमेंटने झाकलेल्या शहरांना तासाभराची झोड पुरते, आणि अशा कमी वेळाच्या सरींचा जोर तापमानाबरोबर वाढतोय. त्यामुळे नदीपासून लांब राहतो म्हणून निर्धास्त असणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते.

किनाऱ्याचं गणित सरळ आहे. १९०१ ते २०१८ या काळात समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. तेच वादळ आलं तरी उधाण आता अधिक आत येतं, आणि भरतीच्या वेळी मुखाशी फुगवटा येऊन नदीचं पाणी तुंबतं.

राहिला ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, एवढाच. असा पूर जिथवर पोहोचतो त्या पूररेषेच्या आत ३० वर्षं घर असेल तर तो निदान एकदा अनुभवण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते, तीही हवामान स्थिर आहे असं धरून. हा १ टक्का जुन्या नोंदींवरून काढलेला असतो. म्हणून घर घेताना पूररेषेच्या बाहेर आहे एवढ्यावर समाधान मानू नका. ती रेषा कोणत्या वर्षापर्यंतच्या नोंदींवरून आखली आणि त्यानंतर वरच्या बाजूला किती बांधकाम झालं, हे विचारा.