शेरलॉक होम्ससारख्या जुन्या रहस्यकथांवर चारोळ्या, हायकू लिहायचे आहेत, पण प्रत्येक वेळी गोष्टीचा सारांशच होतो. काय करावं?

तुम्ही पुढे असंही लिहिलंय की पात्रांची नावं, गुन्हा आणि उलगडा हे सगळं चार ओळींत कोंबताना कविता हातून निसटते, आणि रहस्य फोडायचं की राखायचं हेही ठरत नाही. हा माझ्या फार आवडीचा विषय आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

माझं मत सरळ आहे. उलगडा कवितेत घेऊच नका. ते काम कथेचं आहे आणि कॉनन डॉइलनं ते पंधरा-वीस पानांत निगुतीनं करून ठेवलंय. होम्स एखादी वस्तू हातात घेतो, तिच्यावरून माणूस ओळखतो आणि पुढच्या धाग्याकडे वळतो. तो जिथून पुढे गेला तिथे आपण थांबायचं. ती वस्तू ज्याची होती, ज्यानं ती वापरली, ज्याला त्या सगळ्या तर्काशी काही देणंघेणं नव्हतं, त्याच्याकडे बघायचं. लहान कवितेला एवढा ऐवज पुरतो.

उदाहरण म्हणून १८९२ च्या जानेवारीत 'स्ट्रँड' मासिकात आलेली 'ब्लू कार्बंकल' घ्या. नाताळच्या दिवसांत लंडनच्या रस्त्यावर झटापट होते आणि एक माणूस आपली हॅट आणि जेवणासाठी नेत असलेला हंस टाकून पळतो. हंसाच्या पोटात निघालेलं निळं रत्न सगळ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र ती हॅट सोडवत नाही. तिच्यावरची धूळ रस्त्यावरची करडी, खरखरीत धूळ नाही, घरातली मऊ तपकिरी धूळ आहे, म्हणजे हॅट घरात नुसती टांगून असते. कित्येक आठवडे तिला ब्रश लागलेला नाही, म्हणून होम्स म्हणतो की या माणसावर बायकोची माया उरलेली नाही. हॅटवर चरबीच्या मेणबत्तीचे निदान पाच डाग आहेत, म्हणजे घरात गॅसचे दिवे नाहीत. एका हातात हॅट आणि दुसऱ्या हातात ओघळती मेणबत्ती घेऊन हा गृहस्थ रात्री जिना चढत असणार.

हंसाच्या पायाला चिठ्ठी होती 'मिसेस हेन्री बेकर यांच्यासाठी' अशी. बायकोची समजूत काढायला तो हंस घरी चालला होता. आणि ही बायको अख्ख्या कथेत एकदाही समोर येत नाही! तिच्या मनाचा निकाल एका परक्या माणसानं धुळीवरून लावला आणि कथा रत्नामागे निघून गेली. आपली कविता या बाईची.

मी ती अभंगात लिहिली. मोठ्या अभंगाचं माप तुम्हाला ठाऊक असेलच: सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक.

टोपीवर धूळ
मऊ तपकिरी
साठली ती घरी
आमच्याच

डाग चरबीचे
मोजले मी पाच
जिन्यात हा नाच
रोज रात्री

कोणी परकाच
भिंग लावी तिला
विचारा ना मला
एक वेळ

यात नाव नाही हे पाहा. 'हेन्री बेकर' ही पाच अक्षरं झाली. सहा अक्षरांच्या चरणात ती घातली की उरतं एक अक्षर, आणि त्यात काय सांगणार? लहान छंदात विशेषनामं परवडत नाहीत, म्हणून ती शीर्षकात टाकावीत. वर 'हेन्री बेकरची बायको' एवढं शीर्षक दिलं की ज्यानं कथा वाचलीय त्याला सगळा संदर्भ मिळतो, आणि ज्यानं वाचलेली नाही त्यालाही नवराबायकोतला अबोला तरी कळतोच.

दुसरी गोष्ट 'चरबी' या शब्दाची. तिथे 'मेणाचे ते डाग' असंही बसलं असतं, अक्षरं तितकीच, आणि ऐकायला गोडही. पण मेण म्हटलं की त्या घरातली ओढाताण दिसेनाशी होते. चरबीची मेणबत्ती ही स्वस्तातली. डॉइलनं निवडलेला तपशील बहुतेक वेळा पुरावा असतो. तो सौम्य करायला गेलात की कवितेतून माणूसच निघून जातो. म्हणून लिहिण्याआधी मूळ कथा पुन्हा वाचा आणि वस्तूंची वर्णनं अगदी शब्दशः टिपून ठेवा. मराठीत भालबा केळकरांच्या अनुवादांतून अनेकांनी होम्स वाचलाय, पण अशा तपशिलांसाठी शक्य असेल तर इंग्रजी मूळही शेजारी ठेवावं.

आता रहस्य फोडण्याबद्दल. 'सिल्व्हर ब्लेझ' ही शर्यतीच्या घोड्याची कथा १८९२ च्या डिसेंबरातली. तिच्यातला रात्री न भुंकलेला कुत्रा जगप्रसिद्ध आहे. त्यावर चारोळी लिहायला बसलं की बहुतेकांची अशी होते: कुत्रा भुंकला नाही, होम्सनं ताडलं, चोर घरचाच होता, वाहवा. हा झाला सारांश, शेवटी टाळीसकट. त्याच प्रसंगाचा हा हायकू बघा:

मध्यरात्री पावलं ओळखीची
कुत्रा नुसता कूस बदलतो
गव्हाणीपुढे उरली जागा घोड्याची

माणूस कोण हे सांगितलेलं नाही, होम्सही नाही. शिरीष पैंनी मराठीत रुजवलेला हायकू म्हणजे डोळ्यांसमोरचा एक क्षण, आणि अनुमानाला तिथे जागाच नसते. डिटेक्टिव्ह कथेतला सुगावा हाही असा एक क्षणच असतो, फक्त त्यानंतर कोणीतरी बोलायला लागतं. ते बोलणं तेवढं वगळायचं. गुन्हेगाराचं नाव राखा, सुगावा खुशाल उघडा ठेवा, एवढा नियम मी पाळतो. याच कथेत अचानक लंगडू लागलेल्या तीन मेंढ्या आहेत. त्यांच्यावर कोणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. तुम्ही लिहा.

चारोळीचं गणित वेगळं. तिची सगळी ताकद चौथ्या ओळीत असते, म्हणून ती ओळ आधी मिळवा आणि मग मागे या. हा सल्ला माझा नाही, एडगर ॲलन पोचा आहे. ज्याच्या १८४१ च्या 'मर्डर्स इन द रू मॉर्ग'पासून डिटेक्टिव्ह कथेची सुरुवात मानतात तो हाच पो, आणि १८४५ ची 'रेव्हन' ही कविताही त्याचीच. पुढच्याच वर्षी त्यानं एक निबंध लिहून सांगितलं की आपण त्या कवितेची सुरुवात शेवटाकडून केली. ते अक्षरशः खरं नसेल असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला मात्र यात मोठा अर्थ दिसतो, कारण रहस्यकथाही शेवट ठरल्याशिवाय रचता येत नाही.

'रेड-हेडेड लीग', म्हणजे लाल केसवाल्यांचं मंडळ, या होम्सकथेवर लिहिताना मी तसंच केलं. जेबेझ विल्सन हा लाल केसांचा सावकार. आठवड्याला चार पौंडांवर त्याला नोकरी मिळते ती ज्ञानकोश हातानं उतरवून काढण्याची. तो स्वतःच्या खर्चानं एका पेनीची शाईची बाटली आणि सात ताव कागद घेऊन हजर होतो. 'ए' अक्षरातले विषय उतरवत आठ आठवडे जातात, लवकरच 'बी' लागेल अशी त्याला आशा असते, आणि एका सकाळी दारावर पाटी दिसते की मंडळ बरखास्त. यामागे काय शिजत होतं ते कथेतच वाचावं. मला आधी सापडली ती शाई.

नोकरी खोटी, मंडळ खोटं,
दारावरची पाटीही खोटी;
'ए'चं पुराण लिहून काढलं
ती शाई माझ्या पदरची होती.

कथेत विल्सनला हसतात, होम्स आणि वॉटसन दोघंही, अगदी त्याच्या तोंडावर. कवितेत मला त्याची बाजू घ्यावीशी वाटली. रोज दहा ते दोन मान मोडून लिहिणाऱ्या माणसाची मेहनत तर खरी होती ना!

अशा कवितांची परंपरा चांगली मोठी आहे, त्यामुळे हे काम किरकोळ समजू नका. व्हिन्सेंट स्टॅरेट यांनी १९४२ मध्ये, ऐन महायुद्धात, होम्सच्या घराच्या पत्त्यावरून '२२१ बी' नावाचं सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, लिहिली. बाहेर जग उद्ध्वस्त झालं तरी त्या खोलीत कायम १८९५ सालच चालू आहे, असा त्याचा शेवट. त्यात एकही गुन्हा नाही, तरी होम्सप्रेमींना ते तोंडपाठ असतं. कवी टी. एस. एलियट यांची मॅकॅव्हिटी ही मांजर म्हणजे उघड उघड होम्सचा कट्टर शत्रू प्रोफेसर मोरियार्टी. 'मसग्रेव्ह रिच्युअल' या होम्सकथेतल्या प्रश्नोत्तरांची लय तर त्यांनी १९३५ च्या आपल्या 'मर्डर इन द कॅथेड्रल' या पद्यनाटकात घेतली. ती प्रश्नोत्तरं जरूर वाचा. ती मुळातच कविता आहेत, आणि पावलं मोजत ठेव्यापर्यंत नेणारा नकाशाही. आपल्याकडे मुक्ताबाईंच्या मुंगी आकाशी उडाल्याच्या अभंगापासून कूटरचनेचा कान तयार आहे, तेव्हा हा घाट मराठीत छान उतरेल असं मला मनापासून वाटतं.

बाकी 'स्पेकल्ड बँड' या होम्सकथेतली न वाजणारी घंटेची दोरी, जमिनीला ठोकलेला पलंग, मांजर नसलेल्या घरातली दुधाची बशी, ही प्रत्येकी एका हायकूची सामग्री आहे. छापायचं म्हणाल तर डॉइल १९३० साली वारले, त्यांच्या कथा आता सर्वांसाठी मोकळ्या आहेत. ॲगाथा क्रिस्टी १९७६ साली गेल्या, भारतात त्यांच्या लेखनावर अजून हक्क आहेत. कल्पना घ्यायला कोणाची आडकाठी नाही, पण त्यांची वाक्यं जशीच्या तशी उचलू नका.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर जी. के. चेस्टरटन यांची, फादर ब्राउन या गुन्हे उकलणाऱ्या पाद्र्याची 'इनव्हिजिबल मॅन' ही कथा घ्या. चार माणसं इमारतीवर डोळ्यांत तेल घालून पहारा देतात आणि चौघंही शपथेवर सांगतात की आत कोणी गेलं नाही. बर्फात पावलांचे ठसे मात्र स्पष्ट उमटलेले असतात. त्या चौघांपैकी एकाच्या तोंडी चार ओळी लिहा. फादर ब्राउनला आत येऊ देऊ नका, 'खून' हा शब्द टाळा, आणि चौथी ओळ आधी लिहा.